बाराशे नोंदींवरचे एक नाव

कुणकेश्वराच्या पायरीशी उभा राहून तीस वर्षे मी कीर्तनात भल्या माणसांचे गुण गायिले. गुण गाताना तोंड गोड होते, हा माझा अनुभव. प्रेमलतेचे गुण सांगायला बसलो की मात्र आधी तोंडात कडू येते. कारण तिचा चांगुलपणा सांगायचा, तर ज्या घाणीत तो कसाला लागला ती घाणही सांगावी लागते. सांगतो. देवाच्या दारी अर्धे सांगणे म्हणजे लपवणेच.

प्रेमलता ही रविकांताची लेक. रविकांत कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर रापण लावणारा. होडी लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडून येते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन टोळ्या वाळूवर पाय रोवून ओढतात, ती रापण. एका टोळीने घाई केली आणि दुसरी रेंगाळली, तर जाळे तिरके होते, मासळी निसटते. म्हणून मधोमध एक माणूस उभा राहतो आणि दोन्हीकडे हात करून ओढ सारखी ठेवतो. रविकांत हा तो मधला माणूस. मासळी वर आली की ढीग त्याच्या नावाचा, सारा गाव म्हणे रविकांताची रापण. पण दोराला ज्याचा हात लागला, त्या प्रत्येकाला वाटा. वाटेने जाणाऱ्या पाहुण्याने दोर धरला, तर त्यालाही. कोणी ओढले हे कोणी लिहून ठेवीत नसे. साऱ्या किनाऱ्याने ते पाहिलेले असे.

प्रेमलता या वाळूवर वाढली. तिची चूक याच वाळूत रुजलेली होती.

ती शिकली, संगणकाची अभियंता झाली, पुण्यातल्या एका कंपनीत सात वर्षे राबली. २००८ च्या उन्हाळ्यात होडी वर चढवताना रविकांताच्या कमरेचा मणका सरकला, तेव्हा ती गावी परतली. कंपनीने तिला सोडले नाही, गावाहून काम करा म्हणाली. देवगडात माझ्या घरी टेलिफोनची तार होती, इंटरनेट होते. माझ्या माडीवर तिने टेबल मांडले. सकाळच्या एसटीने येई आणि दिवेलागणीपूर्वी बापाकडे परत जाई.

बंदरांतल्या मालाची ने-आण सांभाळणारी एक प्रचंड प्रणाली ती कंपनी तयार करत होती. दोनशे माणसे तिचे प्रोग्राम लिहीत. कोणी, कधी, कशासाठी काय बदलले, याची नोंद ठेवणारी संगणकातच एक वही असते. मुंबईच्या जुन्या मंडळींची वही सबव्हर्जन नावाची: एकच वही, एकाच जागी, साऱ्यांनी तिथेच लिहायचे. पुण्याच्या नव्या मंडळींनी गिट धरले: प्रत्येकाजवळ अख्खी वही, आणि मग वह्या एकमेकींशी जुळवायच्या. दोन्ही बाजू आपल्या वहीला चिकटून बसल्या. शेवटी एका वहीतली नोंद दुसरीत नेणारा पूल बांधायचे ठरले आणि ते काम प्रेमलतेकडे आले.

ती माडीवरून हसत उतरली होती त्या दिवशी. “बुवा, बाबांचाच काम माझ्याकडे इला. दोन दोर, नि मधी मी.”

पूल तिने मन लावून बांधला. मुंबईची नोंद पुण्याकडे नेताना मुंबईचे आखूड नाव आणि माणसाचे पूर्ण नाव यांची यादी लागे. यादीत नसलेले नाव आले की पूल जागीच थांबे. कंपनी सोडून गेलेल्यांची, निवृत्तांची, एका दिवंगताचीसुद्धा नावे तिने फोन करकरून मिळवली. उलट दिशेला मात्र असा अडसर नव्हता. पुण्याची नोंद मुंबईच्या वहीत चढली की वही एवढेच बघे, चढवणारा कोण. चढवणारी प्रेमलता. प्रत्येक नोंदीवर प्रेमलता. नोंदीच्या शेवटच्या ओळीत मूळ माणसाचे नाव घालण्याची सोय होती, ती तिला ठाऊकही होती. तिने वापरली नाही. ढीग कोणाच्याही नावाचा असेना, दोर कोणी ओढला हे सर्वांना दिसतेच आहे, असे तिला वाटले. वाळूवरचा न्याय तिने काचेच्या इमारतीत गृहीत धरला.

२००९ च्या मार्चात मंदीचे निमित्त झाले. मुंबईच्या मोठ्या साहेबांना माणसे कमी करायची होती. माणूस काय काम करतो, हे त्याच्या शेजारी बसून बघावे. ते नाही, तर त्याने लिहिलेले वाचावे. साहेबांनी मुंबईची वही उघडली आणि नावापुढच्या नोंदी मोजल्या. बाजारात भोपळे मोजावेत तशा. एका नोंदीत महिन्याची तपश्चर्या असते आणि एका नोंदीत एक स्वल्पविराम, हे त्यांना कळत नव्हते असे नव्हे. मोजणे सोपे, म्हणून मोजले. मला त्या बोटांची शिसारी येते.

यादीच्या शिखरावर प्रेमलता, बाराशे नोंदी. तळाला पुण्याची अकरा माणसे; कोणाच्या दोन, कोणाची एकही नाही. तिला पितळी मानचिन्ह जाहीर, त्यांना महिनाअखेर निरोप. मीही मूर्ख. भर कीर्तनात तिचे कौतुक केले आणि मानाचा नारळ दिला. तिने तो घेतला, पण तिच्या कपाळाला आठी होती. हा मान नेमका कशाबद्दल, हे तिलाच उमगत नव्हते.

ते उमगले गंधारच्या फोनने. गंधार हा वैभववाडीच्या एका शिक्षकाचा मुलगा, पुण्याच्या टोळीतला. तिला ताय म्हणे. नेहमीसारखी थट्टा करतच त्याने सुरुवात केली.

“बाराशे, ताय? एकटीन? मगे जेवतंस खंयच्या वेळेक?” आणि मग आवाज उतरला. “माझ्या नावाफुडे शून्य आसा.”

पुण्याच्या साऱ्यांच्या नोंदी आपल्या नावावर मोजल्या गेल्या, हे तिला तेव्हा कळले. तिने तत्काळ साहेबांना फोन लावला आणि सगळे उलगडून सांगितले: पूल कसा चालतो, नाव कुठे गळते, चूक आपलीच कशी. मी जिन्यात उभा होतो. तिने स्पीकर लावला होता, म्हणून ते उत्तर माझ्याही कानांवर पडले; पडले नसते तर बरे.

“पूल सुरू झाला तेव्हापासून मला ठाऊक आहे ते,” साहेब शांतपणे म्हणाले. “वर अकरा नावं द्यायची होती, अकरा मिळाली. आकडे तुमच्या बाजूचे आहेत, मग पोट तुमचं का दुखतं?”

“सर, ते काम माझं नाही. माझ्या हातून पलीकडे गेलं, एवढंच.”

साहेबांनी विषय बदलला. मानचिन्हावर नाव मराठीत हवे की इंग्रजीत, हे विचारले.

अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव असते. ते गिळून तिथे स्वतःचे नाव गाणाऱ्याला आम्ही देवळाच्या आवारात उभे करत नाही. अज्ञानाने नाव गळले तर प्रायश्चित्त आहे. जाणून गिळणाऱ्याला काय म्हणावे, तो शब्द माझ्या जिभेवर नको.

चार दिवसांनी कुरियरने मानचिन्ह आले. तिने ते फडताळामागे सरकवले, पण अंथरुणावरच्या बापाला दिसलेच. त्याने सारी हकीकत ऐकून घेतली, पितळेवरून अंगठा फिरवला आणि परत दिले. “हो वाटो आपलो न्हय गो. जेंचे हात दोरयेक लागले, तेंका पोचव.”

दुसऱ्या सकाळी तिने पूल बंद केला. तीन दिवस इकडची नोंद तिकडे गेली नाही. मुंबईहून फोनवर फोन आले. नावाशिवाय नोंद जाणार नाही, एवढेच ती सांगत राहिली. पुण्याच्या वह्यांत मूळ नावे शाबूत होती. त्या वह्या मागवून तिने बाराशे नोंदी एकेक करून जुळवल्या, प्रत्येकीपुढे खरे नाव लिहिले आणि ती यादी साहेबांना नव्हे, दोनशेच्या दोनशे माणसांना पाठवली. यादीच्या तळाशी तिने स्वतःचा खरा आकडा लिहिला: त्रेचाळीस, बहुतेक पुलाच्याच डागडुजीच्या. मोजदादीचा तोच नियम लावला असता, तर निरोप तिलाच मिळाला असता, आणि घरात बाप अंथरुणावर होता.

दोनशे माणसांपुढे साहेबांना माघार घ्यावी लागली. गैरसमज दूर झाल्याचे पत्रक निघाले. गैरसमज! आठ माणसे राहिली. तिघांनी मात्र पहिल्याच आठवड्यात दटावणीला भिऊन राजीनाम्यावर सही केली होती. त्यांच्याबाबत प्रक्रिया पूर्ण झाली आहे, असे कळवण्यात आले. गंधार त्या तिघांतला. फोन केला तेव्हाच त्याची सही झालेली होती, ते त्याने सांगितले नव्हते.

एप्रिलात आंब्याच्या पेट्यांची वर्दळ सुरू असताना तो माझ्या माडीवर आला. प्रेमलतेने त्याला वही उघडून दाखवली: त्याच्या नावापुढे एकशे एकोणचाळीस.

“नाव गावला, ताय,” तो म्हणाला. “वाटो रवलो.”

मानचिन्ह परत पाठवण्यासाठी बांधून ठेवले होते, ते तिने उगाच दुसऱ्या बाजूला सरकवले. मग पुण्याच्या त्या दिवसाच्या नोंदी आल्या. ती एकेक उघडू लागली, शेवटच्या ओळीत नाव आहे की नाही ते पाहून पलीकडे सोडू लागली. आणि गंधार तिच्या खुर्चीमागे उभा राहून ती नावे तिच्याबरोबर मोठ्याने वाचत राहिला.