अहमदीच्या काचेवर उतरलेलं तेल

माझा थोरला भाऊ हसनभाई कुवेतच्या अहमदीला तेलाच्या प्रयोगशाळेत कामाला होता. एका पत्रात त्याने लिहिलं, "आमच्याकडे एक वायू आहे, त्याच्यावरचा दाब कमी केला की त्यातून तेल पडतं." मी तेव्हा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. हे मला पटेना. सोड्याच्या बाटलीची गोटी दाबली की वायू सुटतो, एवढं पोरांनाही ठाऊक असतं. त्याने उलट टपाली लिहिलं, "मग येऊन बघ." मी बिनपगारी रजा टाकली.

निघताना दाभोळच्या खाडीकाठी भाभीला भेटून आलो. भाईला त्या वर्षी वरची ग्रेड मिळायची होती आणि ग्रेडबरोबर फॅमिली क्वार्टर. भाभी आणि दोन मुली चार वर्षं त्याची वाट बघत होत्या. "नीट बघून ये," ती म्हणाली, "खरंच क्वार्टर देतायत, का नुसतं माझं मन राखायला लिहितात."

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मुंबईहून डेकचं तिकीट काढलं. कराची, मस्कत, बहरीन करत बोट आठवड्यावर चालायची. आता विमानाने जाणाऱ्यांना हसू येईल, पण कुणाला हौस असलीच तर वळकटी, लोणचं आणि लिंबं न्यावीत, आणि जागा चिमणीपासून लांब धरावी. मी जवळ धरली आणि बहरीनपर्यंत काळा झालो. मस्कतहून भाईला तार केली होती. कुवेतच्या धक्क्यावर तो सकाळपासून उभा होता.

"केवढा काळा झालास," एवढंच म्हणाला आणि वळकटी खांद्यावर घेतली.

त्या दिवशी शहरातल्या बनेद अल-गार वस्तीत त्याच्या ओळखीच्या रत्नागिरीच्या शिंप्याकडे उतरलो. जेवायला खुबूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, आणि तळलेली जुबैदी. जुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, पण इथे त्यावर लिंबू सोडून काही नाही. रुपये जाऊन दिनार नवाच आला होता. एका दिनाराला तेरा रुपयांच्या वर पडत, त्यामुळे चहा पितानाही माझा जीव खालीवर होई. शिंपी म्हणाला, "मास्तर, हिशेब बोटीवर सोडून यायचा, नायतर इथे उपाशी मराल."

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत इतर चौघांबरोबर अहमदीला गेलो. तासाभराचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू आणि लांबवर भर दुपारीही जळणाऱ्या वायूच्या ज्वाळा. एवढं जळण फुकट जातंय हे बघून मला खरंच राग आला. भाई म्हणाला, "म्हणून तर आमची लॅब हाय. काय जाळायचा, काय ठेवायचा, ते आधी समजाय नको?"

सुट्टीच्या दिवशी त्याने साहेबांची परवानगी काढून मला लॅबमध्ये नेलं. एका खोल विहिरीतल्या वायूच्या दोन पोलादी बाटल्या आल्या होत्या. विहीर कुठली, ते त्याने मी तीनदा विचारूनही सांगितलं नाही. पहिल्या बाटलीची तपासणी झाली होती: कोरडा वायू, तेल नाही. रिपोर्टवर भाईची सही होऊन तो साहेबांच्या टेबलावर गेला होता. "त्यामुळे आज गंमत दिसायची नाय," तो म्हणाला, "पण यंत्र तरी बघ."

त्याने दुसरी बाटली गरम केली, पाळण्यासारखी बराच वेळ हलवली, आणि वायू जाड काचेच्या खिडकीमागच्या कोठडीत घेतला. कोठडीत जमिनीखाली असते तेवढीच उष्णता आणि तेवढाच दाब. मग दाब हळूहळू उतरवू लागला. बराच वेळ काहीच नाही. मग आतला वायू धुरकट झाला आणि काचेवरून पिवळसर थेंब ओघळले. मी लहान मुलासारखा टाळी वाजवली.

भाई मात्र खुर्चीत बसला. "हे दिसाय नको होतं," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं. जमिनीखालच्या मानाने गार जागी बाटली पडून राहिली की त्यातलं तेल तळाला बसतं. गरम न करता, न हलवता वरून काढलं तर नुसता वायू येतो. आणि कोरडा म्हणून ती विहीर मोकळी सोडली असती, तर जमिनीत दाब पडला असता, हेच थेंब खडकाच्या बारीक भोकांत सुटले असते आणि भांड्याला चिकटलेल्या तुपासारखे बरेचसे तिथेच राहिले असते. शिवाय वायूचीही वाट अडली असती. त्यापेक्षा वर आलेल्या वायूतलं तेल काढून घ्यायचं आणि उरलेला वायू परत खाली दाबायचा, म्हणजे दाब टिकतो.

"मग पहिली बाटली का नाही हलवलीस?"

त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. मीही तिकडे बघितलं. पहिल्या तपासणीची खूण माझी बोट लागली त्याच्या आदल्या दिवसावर होती. काम कसंबसं आटपून तो मला घ्यायला निघाला होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाई, ग्रेड हातात पडेपर्यंत थांब." हे लिहिताना आजही लाज वाटते.

"आणि तवर विहीर उघडली तर?" तो म्हणाला.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. मी बाहेरच्या बाकावर होतो. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या बाटलीची तपासणी स्वतःसमोर पुन्हा करून घेतली, रिपोर्ट मागे घेतला आणि विहीर थांबवली. मग शांतपणे सांगितलं, की सहीची चूक ती चूक. नोकरी राहील, ग्रेड दोन वर्षं नाही.

बाहेर येऊन भाई म्हणाला, "चल, चहा घेऊ." त्या दिवशी मी चहाचे रुपये मोजले नाहीत.

परत आल्यावर मी आधी दाभोळला गेलो. ओटीवर बसून भाभीला सगळं सांगितलं: काचेवरचे थेंब, साहेब, ग्रेड. शेवटी गडबड कुणामुळे झाली तेही सांगितलं. 

"तुला परक्या बंदरावर एकटं ठेवलं असतं," ती म्हणाली, "तर मी त्यांना बोल लावला असता." आणि पदराने डोळे पुसून मुलींना जेवायला हाक मारली.

तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. तिला वाचता येत नव्हतं. पुढची दोन वर्षं दर महिन्याला, भाईचं पत्र आलं की ती मला बोलावून घ्यायची. मी जायचो, आणि माझ्यामुळे तिथे राहिलेल्या माणसाची ख्यालीखुशाली तिला वाचून दाखवायचो.