हळदीची धूळ आणि खांबावरची बाटली

"चष्मा बदलून हे सुधारणार नाही. ग्लॉकोमा आहे," नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पांढुरकं होतं, ते काढून दुसरं बसवता येतं. काचबिंदूत आतला दाब वाढून मागची नस सुकते, ती पुन्हा जिवंत होत नाही. माझा उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता आणि मला पत्ता नव्हता.

वसमतजवळ आमचा हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. तो फिरला की पिवळी धूळ उठते, डोळे चुरचुरतात. त्यावर आमच्याकडे एकच इलाज. मेडिकलवरून आणलेली थेंबांची बाटली खांबाला टांगलेली असते, ज्याचे डोळे लाल झाले त्याने टाकावेत. असा गारवा मिळतो की विचारू नका. कित्येक हंगाम मी तेच केलं.

मग उजवीकडच्या वस्तू लागायला लागल्या. नवरा म्हणाला, "काहून गं, चौकटीशी भांडण हाय का तुजं?" मीही हसले. चाळिशी असेल म्हणून हिंगोलीला चष्मा केला. तक्त्यावरची अक्षरं स्वच्छ दिसली, मी खूश! काचबिंदू कडेकडेने खात येतो, समोरचं शेवटी नेतो, हे कोणाला ठाऊक?

तरी वस्तू लागायच्या थांबेनात, म्हणून नांदेड गाठलं. तिथे कडेची नजर तपासली. यंत्रात बघायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. माझ्या आधीच्या बाईचं बटण सारखं टकटकत होतं. उजव्या डोळ्याला माझं गप्पच.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पिशवीतली बाटली पाहिली. "यात स्टेरॉइड आहे. लाली उतरते, पण काहींच्या डोळ्यांत दाब चढतो. घरात आणखी कोण टाकतं?"

सोबत आलेली माझी पोरगी पूजा हळूच म्हणाली, "माय, मी बी टाकून राहिले ना. तुज्याहून जास्ती."

तिचा दाब मोजेपर्यंत मी बाहेर बाकावर बसून विनवत होते. देवा, माझा डावाही घे, पण हिचे ठेव.

दाब चढलेला होता. नस शाबूत होती. "वेळेत आलात," बाई म्हणाल्या.

धुळीत काम करणाऱ्यांनो, गॉगल लावा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंबही डोळ्यात घालू नका.

मला आता जन्मभर डोळ्यांच्या दाबाचं औषध आहे. ती बाटली बंद केल्यावर पूजाचा दाब उतरला, तरी दर तपासणीला माझं काळीज हलतं. लोक माझ्या उजव्या डोळ्यासाठी हळहळतात. मी त्याचे उपकार मानते. तो गेला नसता, तर माझ्या धडधाकट पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोणी नेलं असतं?