दोन भोंग्यांच्या मधली जागा

"थांबा सर, इथं आवाज आवाजाला खाऊन राह्यला!"

कार्यक्रमाची वेळ टळून गेलेली, पाहुणे सारखे घड्याळ बघतायत, आणि आमचा भोंगेवाला कानामागं हात धरून खुर्च्यांमधून फिरतोय. टेंभुर्णीत तुम्ही एखाद्या सभेला आला असाल, तर तुम्हीही त्याच्या नावानं खडे फोडले असतील.

दोन बाजूंना दोन भोंगे लावायचे, मशीनमधून एकच लांबलचक टूंऽऽ सोडायचा आणि चालायला लागायचं. दोन पावलं डावीकडं, एक मागं. आवाज जिथं दबेल तिथं चुन्याची फुली. त्या फुलीवर कुणी खुर्ची मांडली की हा भांडायला उभा. एकदा तर सरपंचांनाच उठवलं!

मी विज्ञानाचा मास्तर. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की दोन्ही विरतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो. म्हणजे त्याला खोटंही पाडता येईना. त्यानं तर माझं डोकं जास्तच फिरायचं.

"अहो, भाषणात एवढं कुणाला कळतंय?"

"बोलणाऱ्याला न्हाई कळत सर. ऐकणाऱ्याला बराबर कळतं."

विहारासमोर माझ्या आईचा सत्कार होता, त्या दिवशीही तेच. लोकांच्या शेतात खुरपणी करून तिनं मला शिकवलं, हे मला तिच्यासमोर बोलायचं होतं. घरी कधी जिभेवर आलंच नव्हतं. तिची खुर्ची नेमकी फुलीवर.

"सर, मायची खुर्ची दोन हात सरकवा."

"पुरे झालं तुमचं!" मी खेकसलो. "बसू द्या तिला."

मी बोललो. लोकांनी डोळे पुसले. खाली उतरलो तर आई म्हणते, "काय म्हणलास रं? मला नुसतं घुमून राह्यलं व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडप रिकामा झाला तसा हा आला. एक भोंगा बंद केला आणि माईक माझ्या हातात कोंबला.

"म्हणा आता."

"अहो, लोक गेले सगळे!"

"लोकायला सांगायचं व्हतं, का मायला?"

काय माणूस! चरफडत सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात तिच्या खुरपणीचं सांगून टाकलं. आई म्हणाली, "एवढं सांगायला भोंगा कशाला पाह्यजे रं? इकडं ये."

तो आमच्याकडं पाठ करून वायर गुंडाळत बसला. गुंडाळून झालेलीच सोडून परत गुंडाळायला लागला.

निघताना मी त्याला म्हणालो, "उरका लवकर, किती उशीर केला!" आभार मानायचं सुचलंच नाही. गेल्या उन्हाळ्यात तो गेला.