गाऊन सांगितलेलं

पितळी डबा, त्यावर घट्ट बसवलेलं झाकण, झाकणावर शेजारच्या काकूंचा हात — आणि तरीही फटीतून निसटून येणारा गरम गुळाचा, भाजलेल्या मुरमुऱ्यांचा वास... आश्विनात कापसाची बोंडं फुटायला लागली, की मोताळ्याच्या आमच्या गल्लीत घरोघरी मातीची भुलाबाई बसायची. आम्ही मुली टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायचो, आणि गाणी संपली की डब्यातली खिरापत ओळखायची. जी आधी नाव सांगेल, तिला पहिला घास.

माझं नाक पक्कं होतं. डबा उंबऱ्याबाहेर येताच मला कळायचं. पण मी तोतरी! ओठ एकमेकांना चिकटायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि तेवढ्यात समोरच्या घरातली दीपा माझ्या ओठांवरून शब्द ओळखून मोकळी व्हायची. चोरटी मेली! टिपरी तिच्या डोक्यात घालावी असा संताप यायचा. वेखंड चाटून झालं होतं, जिभेखाली खडे धरून झाले होते, देवाला नवस बोलून झाला होता. आणि गंमत अशी, की गाताना मात्र माझी जीभ कधीच अडायची नाही.

त्या संध्याकाळीही मी 'म'वर अडले. दीपा माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेली. काय सुचलं कोण जाणे, नुकत्याच संपलेल्या गाण्याची चाल धरली आणि खणखणीत गायले — "मुरमुऱ्याचे लाडू गं बाई, मुरमुऱ्याचे लाडू!"

दीपा उसळली. "गाऊन नाही चालत! बोलून सांग म्हना तिले."

भिंतीला टेकून बसलेली माझी माय उठली. "काऊन नाही चालत वं? डब्यात काय हाय, समजलं ना तुले?"

"समजलं..."

"मंग झालं तर! माही पोरगी गाऊनच सांगन."

पहिला लाडू मी दीपासमोर उभी राहून, सावकाश, बोटं चाटत खाल्ला.

पुष्कळ वर्षांनी बुलडाण्याच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला बोटांनी ताल धरून, शब्द सुरात लांबवून बोलायला शिकवलं. याला संगीतोपचार म्हणतात, त्या म्हणाल्या. मला हसूच आलं. माय तर शाळेची पायरीही चढली नव्हती. तोतरेपणा कमी झाला, गेला नाही. न जावो! एसटीत 'मेहकर एक' मी गाऊन मागते. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

यंदा माय गेली. तिला अंगणात ठेवलं होतं, आणि नातेवाइकांना कळवायला दादाने फोन हातात घेतला.

"वैशू, तुले जमनार नाही. मी सांगतो."

मी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. मामाला लावला. ओठ मिटले ते उघडेनात... मग मांडीवर बोटांनी ताल धरला, डोळे मिटले आणि गाऊन सांगितलं — "मामा, माय गेली."

अंगणातली रडारड थांबली. "मयताच्या घरात गानं?" आत्या पुटपुटली. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. पलीकडे मामा हमसून रडायला लागला. त्याचं रडणं थोडं ओसरेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला, आणि मग पुढचा नंबर लावला.