दोन हजार तीनशे दहा

थोरलीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. धागा तुटला की ती धाग्याला शिव्या घालायची, आणि धाकटी हसली की धाकटीला. माग दोघी बहिणींचा, पण हुकूम एकटीचा.

त्या दिवशी भांडण पेटलं ते आबांच्या आकड्यावरून. आबांचा पहिला माग अरुंद होता, दोनशे दहा उभ्या धाग्यांचा. दोन, तीन, पाच किंवा सात धाग्यांची नक्षी या काठापासून त्या काठापर्यंत अख्खी बसायची. पुढे आईनं अकरा धाग्यांची वेल काढली, ती मेली बसेना. आबांनी सरळ अकरानं गुणलं आणि नवा रुंद माग बांधला, दोन हजार तीनशे दहाचा. आईची वेल बसली, जुन्या नक्ष्याही बसल्या. आबा गेले, आई गेली, आणि थोरली त्या आकड्यावर पहारा देत बसली.

आणि धाकटीनं काय करावं? तेरा धाग्यांचं फूल काढलं! फूल देखणं होतं, तेवढं थोरलीनंही मनात कबूल केलं. पण एकशे सत्त्याहत्तर फुलं झाली की काठाशी नऊ धागे उरायचे, आणि शेवटचं फूल तुटायचं. थोरली कडाडली, अकराचं कर नाहीतर चौदाचं कर. धाकटी म्हणाली, पाकळी तोडणार नाही, काठाचे नऊ धागे काढू. आबांच्या आकड्याला कात्री? थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं धाकटीची अक्कल काढली, वळण काढलं, लहानपणीची सांडलवंड सुद्धा सोडली नाही.

धाकटी मागावरून उठली. मग म्हणाली, "आबांनी आईसाठी आकडा बदलला होता. तुला माझ्यासाठी नऊ धागे जड झाले?"

थोरली आणखी ओरडली. धाकटी आत जाऊन बॅग भरू लागली. दुसऱ्या गावच्या कारखान्यातून तिला कधीचं बोलावणं होतं.

कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. जा म्हणावं, खुशाल जा! असं पुटपुटत थोरली मागाशी उभी राहिली. हा एवढा मोठा माग, आणि समोरच्या बाकावर भांडायला कोणी नाही. तिला धाकटीचा संताप आला, आबांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दात-ओठ खात तिनं कात्री उचलली.

धाकटी बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा नऊ धागे जमिनीवर पडले होते. तिनं मागाकडे पाहिलं. तेवीसशे एक. आता यात ना दोन जातात, ना पाच, ना सात, ना अकरा.

"ताई, या ताण्यावर आईची वेल नाही गं बसायची."

"माहितीये मला. शिकवू नकोस." थोरलीनं नाक पुसलं. "बॅग आत ठेव. आणि एक जरी फूल वाकडं आलं ना, हात मोडून ठेवीन."