छातीचा फोटो

"पावणं, छाती फुगवू नका. श्वास भरा," असं म्हणत ते पाठीत बोट टोचायचे. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम त्यांचं. आम्ही त्यांना फोटोवाले चाचा म्हणायचो.

कोल्हापूरचा गडी फोटोला कसा उभा राहतो हे तुम्ही पाहिलंच असेल. आम्ही लोखंड ओतायच्या फौंड्रीतले कामगार, त्यात निम्मे तालमीतले. छातीचा फोटो काढायचा म्हटल्यावर आम्ही भांग पाडून, मिशीला पीळ भरून जायचो. चाचा न हसता सांगायचे, "मिशी येत न्हाय ह्यात."

मी फौंड्रीत वाळूचे साचे करायचो. सत्तर सालानंतरची गोष्ट. खोकला जाईना, म्हणून डॉक्टरांनी चाचांकडे पाठवलं. त्यांनी फोटो काढून खिडकीशी धरला.

"हे पांढरं दिसतंय न्हवं, ते वण हाईत. वाळूच्या धुळीनं पडल्यात. पुसायचे न्हाईत, पण नवे पडू देऊ नका. डॉक्टर बी हेच सांगणार. साच्याचं काम सोडा."

"हा फोटो माझा न्हाय," मी म्हणालो. "कुणातरी म्हाताऱ्याचा माझ्या नावावर खपवलाय तुम्ही."

माझी कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनीच सांगावं, त्या छातीत असलं काही असेल का?

"मग कसं पटंल?"

"पटणारच न्हाय."

फोटोच्या वेळी चाचा गळ्यात काळा दोरासुद्धा ठेवू देत नसत. त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा फोटोला उभं केलं. मी सवयीने ताईत काढायला लागलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फोटो कुणाचा ते तरी कळंल."

दुसरा फोटो ओला असतानाच त्यांनी धरला. मधोमध माझा ताईत. कुस्तीत एका बाजूने चेपलेला, तसाच. आणि दोन्हीकडे तेच पांढरे डाग.

मी बराच वेळ ताईताकडेच बघत राहिलो.

"आता घरात सांगा. न्हाय तर मीच येतो सांगाय."

मी सांगितलं नाही. ते आले. पोहे खाल्ले, चहा प्याले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, ह्यास्नी वाळूपाशी जाऊ देऊ नका. लई हट्टी हाय माणूस." तिला हे नवीन नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी भाजीचा गाडा घातला.

आणखी काही जणांना त्यांनी असंच घरी जाऊन फौंड्रीतून बाहेर काढलं. खोकत का होईना, आम्ही जगलो. चाचाच आधी गेले.

त्यांच्यात जनाजा झपाझप न्यायचा असतो. खांदा आम्ही फौंड्रीवाल्यांनी मागून घेतला आणि कोपऱ्यापर्यंतच दमलो. चार पावलं झाली की थांबायचं, धापा टाकायच्या, खांदा बदलायचा.

त्यांचा पुतण्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, सरा की आता. आमी घेतो. समदा रस्ता तुंबलाय."

"तुंबू दे की," मी म्हणालो.

दुतर्फा लोक सायकली धरून उभे राहिले. एकाने टोपी काढली. इतकं सावकाश चाललंय म्हणजे कुणीतरी फार मोठा माणूस असणार, असं त्यांना वाटलं असावं.