मोठ्या आईनं शिवलेले फ्रॉक

आमच्या सोनूला, माझ्या धाकट्या भावाला, पाच वर्षांचा होईपर्यंत फ्रॉक घालत. ज्या बाईची नजर लागू नये म्हणून घालत, ते फ्रॉक शिवायचीही तीच.

ती माझी मोठी आई. बाबांच्या मोठ्या भावाची बायको.
काल सकाळी ती गेली. अग्नी सोनूनं दिला.

तिला मूल नव्हतं. लोकांना तिच्याबद्दल बहुतेक एवढंच माहीत असायचं.

सोनू लहान होता तेव्हा आमचं राज्य नवं होतं. रायपूर राजधानी झालं आणि आमच्या चौबे कॉलोनीत भोपाळहून बदली होऊन आलेली कुटुंबं भाड्यानं राहू लागली. बाबा सिलतऱ्याला प्लांटमध्ये होते. मोठी आई व्हरांड्यात मशीन टाकून लहान मुलांचे कपडे शिवायची. पंडरीच्या कापडबाजारातून कटपीस आणायची, त्यात जे निघेल ते.

गिऱ्हाईक आलं की 'मुलगा की मुलगी' हे ती कधी विचारत नसे.
विचारायची, "रांगते की चालते?"

रांगत असेल तर गुडघ्याला दुहेरी कापड. चालत असेल तर घेर थोडा कमी, पायात यायला नको. तिच्यासाठी जगातल्या लेकरांच्या दोनच जाती होत्या.

सोनू आम्हा दोघी बहिणींच्या पाठीवर झालेला. नवसाचा. म्हणून आईनं ठरवलं होतं, पाच वर्षं फ्रॉक, डोक्यावर दोन शेंड्या, त्यांना लाल रिबिनी. सोनू त्यात अगदी खुश असायचा. गोल गोल फिरायचा आणि घेर फुलला की टाळ्या पिटायचा.

एकदा वरच्या मजल्यावरच्या नव्या भाभी आल्या. "कितनी प्यारी बिटिया है," म्हणाल्या.

आई हसली. "बेटा है भाभीजी. नजर के मारे पहनाते हैं."

"किसकी नजर लगेगी जी? घर में तो सब अपने ही हैं."

 आईचे डोळे व्हरांड्याकडे गेले.
मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला ते दिसलं. भाभींनाही दिसलं.

मी तशीच मशीनजवळ गेले.

"मोठी आई, फ्रॉक घातला की नजर काहून लागत नाही?"

"पोरगी वाटते ना मग. पोरीवर कोण जळते, बाई?"

"मग मले लागतच नाही का?"

तिनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवली. दोरा मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "नजर कोणाची लागते म्हणतात, माहीत आहे तुले? जिच्या घरी लेकरू नाही, तिची." आणि पुन्हा पाय मारायला लागली.

आज मी मुलगा-मुलगी या विषयावर माइक हातात घेऊन तासतासभर बोलते. मॉलमधला निळा कोपरा आणि गुलाबी कोपरा, मुलांच्या शर्टावर वाघ आणि मुलींच्या शर्टावर फुलपाखरू. लोक मान डोलावतात, म्हणतात हे सगळं बाहेरून आलं.
नाही हो. आमच्या घरातला फ्रॉक पंडरीच्या कापडाचा होता. मुलगी ही हेवा करण्यासारखी गोष्टच नाही, हे त्याच्या प्रत्येक टाक्यात लिहिलेलं होतं. आणि एका बाईकडून तिच्याच विरुद्धचा पहारा शिवून घेतला जात होता.

सोनूला पाच पूर्ण झाली. देवापुढं पाट मांडला. पहिली पँट घालायची ती मुलगे असलेल्या सवाष्णीनं, अशी पद्धत. म्हणून नागपूरहून मामी आली होती. तिला दोन मुलगे.

पँट-शर्ट मोठ्या आईनंच शिवले होते. ती दारात उभी होती.

मामीनं फ्रॉकची बटणं काढायला घेतली आणि सोनूनं भोकाड पसरलं. "मले फ्रॉकच पाहिजे." मामी म्हणाली, "अरे, पोट्टा आहेस ना तू? हसतील लोकं." तसा तो तिच्या हातून निसटला आणि दाराशी जाऊन मोठ्या आईच्या पदरात शिरला.

"मोठी आईच घालून देईल."

खोलीत कोणी काही बोललं नाही.
मीही नाही. पुढं आयुष्यभर बोलतच आले, पण त्या दिवशी बोलायला हवं होतं.

आई उठली आणि सोनूला दंडाला धरून परत पाटावर आणलं.

मोठी आई दारातूनच मामीला म्हणाली, "इलास्टिक मऊच टाकलं आहे. ओढू नका, हळू सरकवा. पोट लाल होते त्याचं."

नंतर तिनं मला मोरीजवळ बोलावलं. डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्या गालावर चांगली मोठी तीट लावली.

"मी तर मोठी झाली," मी म्हणाले.

"असू दे. लागू शकते तुलेही."

त्या दिवसावरून आईशी ती कधी भांडली नाही. आईनंही तो विषय काढला नाही. वीस-बावीस वर्षं एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक झाला.

गेल्या आठवड्यात सोनू पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन पुण्याहून आला. मोठी आई पलंगावरच होती. बाळाला तिच्याजवळ न्यायचं की नाही, सोनूची बायको जरा थबकली. कोणीतरी तिच्या कानावर काही घातलं असणार.

आईनं तिच्या हातातून बाळ घेतलं. गालावर तीट नव्हती, मनगटात काळा दोरा नव्हता. तसंच ते मोठ्या आईच्या कुशीत ठेवलं.

"पाहा बाई. डोळे भरून पाहा."

आई म्हणाली. मोठ्या आईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग बाळाचा झगा चाचपला, काखेतून बोट फिरवलं आणि आईला म्हणाली,

"सुमन, शिवण टोचून राहिली हिले. उलटा घाल."

आईनं झगा काढला, उलटा केला आणि मोठ्या आईपुढं धरला.

"तुम्हीच घाला."

 एक बाही घालायला तिला फार वेळ लागला. आमच्यापैकी कोणी मदतीला पुढं झालं नाही.

जा मोठी आई, निवांत जा.
तुला तुझ्या लेकरांचा नमस्कार.